वच्छीचा चेहरा

अमरावती, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

माय,

दंडवत. तुमच्या पंथात पत्राची सुरुवात अशीच करतात, असं हे पत्र नेणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या आमच्या गल्लीत भिक्षेला येतात. तुझं आता दुसरं नाव आहे, ते त्यांना ठाऊक आहे, पण त्या सांगत नाहीत. मी म्हटलं, नका सांगू, पत्र पोचलं म्हणजे झालं. संन्यास घेतलेल्या बाईला लेकीनं पत्र लिहावं की लिहू नये, हे मला माहीत नाही. अक्षर तूच शिकवलंस, म्हणून पहिलं काम तुझ्याकडेच काढलं.

काम असं आहे. आपल्या थोरल्या वच्छीचा चेहरा कसा होता, ते कळव.

आता का, ते लिहिते. माझं पहिलं लेकरू पोटातच गेलं, ते तुझ्या कानावर आलं असेल. गेल्या उन्हाळ्यात दुसरंही गेलं. मी रडेन म्हणून सासूबाई वाट पाहत बसल्या. मी रडले नाही, मग त्याच रडल्या. आता पुन्हा दिवस गेले आहेत, तिसरा महिना चालू आहे. सासूबाईंच्या मनानं घेतलं आहे की लेकरं वच्छी नेते. नांदगाव खंडेश्वराचा एक भगत आणला होता. तो माझ्या गळ्यातला टाक हातात घेऊन बराच वेळ बसला आणि म्हणाला, "एवढ्याशा चांदीत थोरली मावत नाई. तिले घरात जागा द्या." सव्वा हात जमीन मागितली असती तर सोपं होतं. पण जागा म्हणजे काय, हे तो सांगून गेला नाही.

तुला टाकाचा राग आहे, ठाऊक आहे. मेलेल्या सवतीचा टाक म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीला, वच्छीलाच, लग्नात माझ्या गळ्यात बांधलं, तेव्हा तू मांडवातून उठलीस ती थेट रिद्धपुराच्या मठातच गेलीस. मी अजून तो घालते. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग मी नेसायचं. पुरणाची पोळी आधी टाकाला, मग मला. मला गरम पोळी कशी लागते ते आता आठवत नाही.

जागा म्हणजे काय, ते यांनी ठरवलं. यांचा कापूस अकोल्याला एका साहेबाच्या गोदामात जातो. त्याच्या बंगल्यात त्याच्या मेलेल्या मडमेचं चित्र आहे, भिंतभर, बोलेल असं. हे पाहून आले आणि म्हणाले, "आपण बी वच्छीचं काढू." कापसाला भाव आल्यापासून हे कशालाही नाही म्हणत नाहीत. भावाबरोबर आमच्या घरात पडदाही आला आहे. पूर्वी मी विहिरीवर जात होते, आता दारात उभी राहिले तरी सासूबाई खाकरतात.

अकोल्याहून अब्दुल गफ्फार नावाचे चितारी आले आहेत. म्हातारे आहेत. त्यांचे वाडवडील एलिचपुरास नवाबाकडे होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मले समोर बसणारं माणूस पाहिजे. ऐकीव माणसाचं चित्र निघत नाई." सासूबाई म्हणाल्या, "तिची पाठची बहीण हाये ना घरात. हिलेच बसवा."

तर मी बसते आहे. यांनी वच्छीचं हिरवं लुगडं पेटीत जपून ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. अंग माझं चालेल, पण चेहरा तिचा पाहिजे. तेवढा तू कळव. नाक, हनुवटी, कपाळ, जे आठवेल ते. या बाई दर पंधरवड्याला येतात.

मनकर्णा


अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

माय,

उत्तर आलं नाही. बाई म्हणाल्या, पत्र तुझ्या हातात दिलं आणि तू ते वाचलंस. एवढं पुष्कळ झालं.

चित्राचं सांगते. अब्दुल गफ्फार पायापासून वर चढतात. त्यांच्या घराण्यात चेहरा शेवटी काढतात. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "बेटी, तोंड आधी काढलं की लोक मनतात झालं चित्र. मंग पायाले कोणी इचारत नाई." कापड मोठं आहे, माझ्याएवढं. त्याच्यावर खडूचं आणि डिंकाचं अस्तर आहे, रंगही डिंकाच्या पाण्यातच कालवतात. कापड विलायती आहे. आमचा कापूस तिकडं जातो आणि तिकडून हे येतं. यांना त्याचाही अभिमान आहे.

पाय झाले. पाय माझे आहेत, जोडवी वच्छीची आहेत. लुगडं झालं. सासूबाई दिवसभर माझ्याशेजारी पाट टाकून बसतात, परपुरुष आहे म्हणून. बसल्या बसल्या त्यांना झोप लागते. मग मी आणि चितारी दोघंच जागे असतो. त्यांच्या कुंचल्याचा आवाज येतो. मला बसायला त्रास होत नाही. न हलता बसणं मला इतकं चांगलं जमतं, की ते दोनदा म्हणाले, "श्वास त घे बेटी."

गळ्यापर्यंत आले आणि थांबले. आता चेहऱ्याचं सांगा म्हणाले. घरातले सगळे जमले.

सासूबाई म्हणाल्या, नाक सरळ होतं. यांची काकू रुख्मिणीबाई म्हणाल्या, "सरळ कुठं वं? शेंड्याले जरासं बसकं होतं." सासूबाई म्हणाल्या, "तुमी तिले पाह्यलं किती? दोन सणाले." मग कपाळावरून झालं. मग रंगावरून झालं. एकीनं गोरी म्हटलं, दुसरीनं सावळी. अब्दुल गफ्फार खडूनं काढत गेले, पुसत गेले. पाटीवर आठ-दहा बायका झाल्या, त्यात वच्छी कोणी नव्हती.

मग यांना विचारलं. हे खूप बोलले. वच्छी रेच्यावर कापसातली सरकी काढताना कशी गुणगुणायची, बैलाला कशी शिव्या द्यायची, यांच्या पागोट्याला कशी हसायची. मला हे सगळं नवीन होतं, मी नीट ऐकलं. अब्दुल गफ्फार ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आन् डोळे?" यांनी जमिनीकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. म्हणाले, "डोळे… डोळे होते ना चांगले." आणि उठून बाहेर गेले.

पाच वर्षंही झाली नाहीत, माय.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला आठवतं, पण सांगता येत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. सख्खी बहीण, हिला दुःख होत असेल, असं त्यांना वाटलं. चितारी फक्त माझ्याकडं पाहत राहिले.

तुला पाठ असणार. तू तिला न्हाऊ घातलंस. बाळंतपणाला माहेरी न्यायला आलीस, तेव्हा कापूस फुटला होता आणि वेचायला हात कमी होते, म्हणून यांनी तिला पाठवलं नाही. तू दारातून परत गेलीस, आणि ती त्या बाळंतपणातच गेली. तो दिवस तू विसरली नसशील. त्या दिवशीचा चेहरा सांग. एक ओळ पुरे.

मनकर्णा


अकोला, पौष शुद्ध त्रयोदशी

माय,

आम्ही अकोल्याला आलो आहोत. हंगामभर हे इथंच असतात. गाड्यांची रांग नदीपासून पेठेपर्यंत लागते. सगळीकडे कापसाचं तूस उडतं, पाण्यात पडतं, भाकरीत येतं. पलीकडे आगगाडीची सडक बांधत आहेत. मी पाहिली नाही, आवाज ऐकते.

चित्रही गाडीत घालून आणलं. बारदानात गुंडाळून, आडवं. गाडीवान म्हणाला, कोणी मेलं का? सासूबाईंनी त्याला भलतं बोलू नको म्हणून दटावलं, पण तसं पाहिलं तर तो चुकला नव्हता.

इथं मी अब्दुल गफ्फारांच्या घरी जाऊन बसते. सासूबाईंना गुडघ्यामुळं रोज येववत नाही, त्यांच्याऐवजी चिताऱ्यांची बायको कुलसुमबी सोबत बसते. ती माझी वेणी घालून देते, बोरं खायला देते, सारखी बोलते. परवा म्हणाली, "तुयी माय, बहीण बी अशीच गप्प हाये का पूर्वीपासून?" मी म्हटलं, माय संन्यासिनी आहे आणि बहीण मेलेली आहे. तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चक्क हसली. मलाही हसू आलं.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक लपवलं. मला आठवतं पण सांगता येत नाही, असं मी म्हटलं होतं ना? मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. तिचा आवाज येतो, तिच्या घामाचा वास येतो, अंगणात ती मला कडेवर घेऊन फिरवते तेव्हा तिचं हाड टोचतं ते आठवतं. चेहऱ्याच्या जागी टाक दिसतो. तू तो पाहिला आहेस का कधी जवळून? सोनाराकडं तसले ठोकून ठेवलेले असतात. दोन टिंबं डोळ्यांची, एक रेघ. कोणाचीही सवत चालते. मी तोच रोज पुजत आले आणि माझ्या बहिणीला तसंच तोंड आलं. मला लाज वाटायला पाहिजे. वाटत नाही. काहीच वाटत नाही, हेच तुला सांगायचं होतं.

अब्दुल गफ्फारांना मी हे सांगितलं. ते मग म्हणाले, "मंग मी काय करू बेटी? मले जे दिसते तेच मी काढतो." आणि त्यांनी काढायला घेतलं. त्या दिवशी माझी मान दुखली नाही.

चेहरा काल झाला. मी जाऊन समोर उभी राहिले. आमच्या घरात आरसा आहे तो तळहाताएवढा आहे, त्यात एका वेळी एक डोळा दिसतो. मी स्वतःला असं सगळं कधी पाहिलं नव्हतं. माझी डावी भुवई जरा वर आहे. ओठ मिटलेले आहेत, पण रागानं मिटलेले नाहीत. मी बरी दिसते, माय. मी खूप वेळ पाहिलं. कुलसुमबी म्हणाली, "नजर लावशीन स्वतःलेच."

आज हे आले. मला वाटलं, रागावतील. यांनी चित्र पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर आपटले. "हेच! हेच ते! गफ्फारभाई, कमाल केली तुमी!" डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्याकडं वळले, माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "पाह्यलं? तुयी बहीण."

अब्दुल गफ्फार कुंचले धुवत होते. ते धुतच राहिले.

आता फक्त दागिन्यांचं सोनं भरायचं राहिलं आहे. ते अमरावतीला येऊन भरतील. तू काही कळवलं नाहीस तरी आता अडत नाही.

मनकर्णा


अमरावती, माघ वद्य तृतीया

माय,

पडून लिहिते आहे, अक्षराकडे पाहू नकोस.

चित्र माजघरात ठेवलं. सोनं भरायचं होतं, चितारी यायचे होते. सासूबाईंना तेवढी वाट पाहवेना. रथसप्तमीला हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, म्हणून त्यांनी बायका बोलावल्या आणि आधी चित्राची ओटी भरली. बोटानं चित्राच्या कपाळाला कुंकू लावलं. मेलेल्या सवाष्णीला वाढतात तसं पान वाढलं, पाणी सोडलं. हात जोडून म्हणाल्या, "वच्छे, आता बस इथं. इचं लेकरू इले ठेवू दे." मी शेजारी उभी होते. मी पण हात जोडले. कोणाला जोडते आहे, हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

जेवणं झाली आणि मला अंगावर जाऊ लागलं.

बायका धावल्या. मला बाजेवर निजवलं, पायाखाली लोड दिले. त्या गडबडीत रुख्मिणीकाकूंची नजर एकदा माझ्याकडं गेली, एकदा चित्राकडं गेली. त्या सासूबाईंवर ओरडल्या, "बाप्पा मैनाबाई! हे त मनीचं तोंड हाये! जित्या पोरीले मेलेल्याचं पान वाढलं तुमी?"

सगळ्या वळल्या. इतके दिवस कोणाला दिसलं नव्हतं आणि आता एकदम सगळ्यांना दिसलं. तीच भुवई, तेच ओठ. सासूबाईंचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही, माय. त्या मनानं वाईट नाहीत. पदर ओला करताना त्यांच्या हातून पाण्याचा गडवा पडला. मग त्यांनी तो चेहरा पुसला. "चुकलं माय, चुकलं माय," म्हणत पुसला. त्या कोणाची माफी मागत होत्या, मला की वच्छीला, ते कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल.

मी बाजेवरून पाहत होते. चेहरा डाव्या बाजूनं गेला. आधी गाल, मग नाक, मग डोळे. खडूचं पाणी लुगड्यावर ओघळलं. मला ओरडावंसं वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, पुसताना कानामागं राहिलं आहे, तेवढं नीट पुसा.

संध्याकाळपर्यंत जायचं थांबलं. वैद्यबुवांचा काढा होता, पण पुसल्यामुळं थांबलं असं सगळ्यांचं मत आहे. लेकरू हलतं आहे. मला उठायची बंदी आहे.

चित्र समोरच आहे. पाय आहेत, लुगडं आहे, हात मांडीवर आहेत, वर एक मळका डाग. हे येऊन पाहून गेले. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "मंग वच्छी कशी होती?"

मनकर्णा


अमरावती, फाल्गुन वद्य एकादशी

माय,

तू आली होतीस.

तुमच्या पंथात नात्याच्या दारी भिक्षा मागत नाहीत, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणून मला वाटलं नव्हतं. घरात कोणी नव्हतं, सासूबाई अंबादेवीला गेल्या होत्या. दारात काळं वस्त्र दिसलं. मला वाटलं नेहमीच्या बाई. मी सुपात ज्वारी घेऊन आले, सावकाश, पोटाला हात लावून. मान वर केली तर तू होतीस. तुझे केस काढलेले आहेत. कान उघडे पडल्यामुळं मोठे दिसतात. तू बारीक झाली आहेस.

तू माझ्याकडं पाहिलंस. खूप वेळ पाहिलंस. आणि म्हणालीस, "वच्छे."

पुढं म्हणालीस, "वच्छे, कशी हायेस वं?"

याच दारात तू तिला शेवटची पाहिलीस. ती पण अशीच पोट घेऊन उभी असेल. ऊन होतं. तुझे डोळे कसे आहेत आता, मला माहीत नाही. मी तुझी बाजू घेऊन सगळी कारणं शोधली. पण तू म्हणालीस ते म्हणालीस.

मी म्हणायला पाहिजे होतं की मी मनी. तोंडात आलं होतं. पण तुझ्या तोंडावर असं काही आलं होतं माय, की ते मोडणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "बरी हाये." तू झोळी पुढं केलीस, मी ज्वारी घातली. तुझा हात माझ्या हाताला लागला. तू निघून गेलीस. कोपऱ्यावर वळलीस तेव्हा पुन्हा पाहिलंस.

मी दारातच बसले. मग रडले. पहिल्या लेकराचं, दुसऱ्याचं, सगळंच एकदम आलं असेल. समोरच्या घरची बाई पाहत होती, तिला म्हटलं, डोळ्यात तूस गेलं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे चेहरा बरोबर होता, हे आता एकट्या मला ठाऊक आहे. तूच ओळखलंस, तुझ्यापेक्षा मोठा साक्षीदार कोण? सांगितलं तर उद्या चिताऱ्यांना बोलावतील, पुन्हा माझं तोंड काढतील आणि त्याला वच्छी म्हणतील. आणि मग मी कुठं जाऊ? टाक गळ्यात आहे, लुगडं अंगावर आहे, नवरा तिचा, बाज तिची. तोंड तेवढं माझं म्हणून राहिलं होतं. ते अकोल्याला मी एकदा पाहिलं आहे. मी ते देणार नाही.

लेकराचं काय होईल ते होवो. लिहिलं, ते खोडत नाही.

मनकर्णा


अमरावती, ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, शके १७८७

माय,

मुलगी झाली. जिवंत आहे. रंग काळा आहे, आवाज मोठा आहे, आणि दूध पिताना मुठीनं मला मारते. वैशाखात झाली, पण सव्वा महिना होईतो दौत हातात घेऊ देत नव्हते.

पहिले चार दिवस मी तिच्याकडं नीट पाहिलंच नाही. जाईल म्हणून. पाचव्या दिवशी ती शिंकली आणि स्वतःच्या शिंकेला इतकी दचकली, की मी तिला उचलून छातीशी धरलं आणि मग खाली ठेवेना. सुईण म्हणाली, आता हात सोड, दुखेल. दुखत होतं. मला दुखतं आहे हे कळलं, त्याचंच मला नवल वाटलं.

घरात काय चाललं होतं ते ऐक. लेकरू जगलं. मग सासूबाई म्हणाल्या, "वच्छीनं नेलं नाई, म्हंजे वच्छीच आली." सगळ्यांना पटलं. हे पोरीला हातात घेऊन वच्छे, वच्छे म्हणायला लागले. बारशाला तेच नाव ठरलं. आणि यांना चित्राची आठवण झाली. अमेरिकेतली लढाई संपली म्हणे, कापसाचा भाव पडला, हे आता दिवसभर घरीच असतात आणि चित्रासमोर बसतात. म्हणाले, "पुसलं ते बेस झालं. आता घाई नाई. पोट्टी मोठी होईन, तोंड ठरीन, मंग हिलेच हिरवं लुगडं नेसवून बसवू. गफ्फारभाई नसले त त्याचा पोरगा काढीन."

सासूबाई म्हणाल्या, टाकही मग तिच्याच पाळण्याला बांधू.

माय, मी इतके दिवस काही बोलत नव्हते, ते चांगुलपणामुळं नाही. मला काही वाटतच नव्हतं, म्हणून गप्प होते. पण हे ऐकलं आणि मला असा संताप आला, की मला वाटलं आता ओरडेन. ती अजून मान धरत नाही. तिच्यासाठी कापड ताणून ठेवलं आहे, लुगडं ठेवलं आहे, तोंडाची जागा मोकळी सोडली आहे. तिनं मोठं व्हायचं ते त्यात जाऊन बसायला.

मी ओरडले नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, फाल्गुनात माय आली होती दारात."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

मी म्हटलं, "तिनं मले पाह्यलं आन् वच्छे मनून हाक मारली. माय चुकते का? म्हंजे गफ्फारभाईनं काढलं होतं तेच वच्छीचं तोंड. बरोबर होतं. आपुनच पुसलं."

हे उभे राहिले. म्हणाले, "खरं?"

"खरं. पुन्हा काढा. मी बसतो. वच्छी तिथं भिंतीवर बसली, मंग ही वच्छी कशी होईन? एक मानूस दोन जागी राह्यते का?"

रुख्मिणीकाकू म्हणाल्या, मनी बरोबर बोलते. सासूबाई मात्र माझ्याकडं पाहत राहिल्या. त्यांना तो दिवस आठवत होता, गडवा पडला तो. हळूच म्हणाल्या, "पण मने, पुन्हा तुयंच तोंड… पानं वाढीन मी त्याले वर्षोवर्षी. तुले काई झालं त?"

मी म्हटलं, "मले काय होते आत्याबाई?"

त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मी पोरीच्या जागी बसते आहे, हे त्यांना कळलं असावं असं मला वाटतं. त्यांनी यांना काही सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, "पोरीचं नाव मंग इलेच ठेवू दे."

शकुन ठेवलं. आपल्या घराण्यात किंवा यांच्या घराण्यात या नावाची कोणी झालेली नाही, मी विचारून घेतलं.

अब्दुल गफ्फार काल अकोल्याहून आले. मी हिरवं लुगडं नेसून जागेवर बसले. त्यांनी डागावर नवं अस्तर दिलं, ते वाळेपर्यंत माझ्याकडं पाहत बसले. म्हणाले, "बेटी, मागच्या वख्ती तू अशी नव्हती. आता डोळे हलून राह्यले तुये." मी म्हटलं, आत पोरगी रडते आहे. ते म्हणाले, "मंग जा. चित्र कुठं जाते?" त्यामुळं काल पुढं काही झालं नाही. आज दोन रेघा झाल्या, तेवढ्यात ती पुन्हा रडली. असंच चाललं तर वर्ष लागेल. लागू दे.

ती रडते तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलं जातं आणि नाक फेंदारतं. तसं आपल्यात कोणी करत नाही. यांच्यातही नाही. सगळ्या बायका येऊन पाहतात, कोणावर गेली ते ठरवतात, आणि कोणाचं कोणाशी जमत नाही. मी मध्ये बोलत नाही. मला फार बरं वाटतं.

तू मला वच्छी म्हणालीस याचा मला आता राग नाही. मी बोलले नाही तेव्हा होता, आता नाही. तू पुन्हा ये. नात्याचं दार म्हणून येऊ नकोस, भिक्षेला ये. सासूबाई घरी असताना ये आणि सगळ्यांच्या देखत मला वच्छे म्हणून हाक मार, मी ओ देईन. मग मी पोरीला तुझ्यासमोर आणेन. तिला मात्र शकुन म्हण.

मनकर्णा